समाधीआधीची चिता

युरोपच्या सहलीला निघालेल्या मराठी पर्यटकाच्या वाट्याला फ्लॉरेन्स बहुधा एकच दिवस येते. तेवढ्या वेळात ड्युओमोचा भव्य घुमट, उफिझीतली चित्रे, मायकेलअँजेलोचा डेव्हिड आणि सराफांच्या दुकानांनी गजबजलेला पोंते वेक्किओ हा पूल पाहून होतो. पर्यटक कोल्हापूरचा असेल, तर त्याला या यादीत आणखी एक ठिकाण हवे असते. शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने साडेतीन किलोमीटर पसरलेले काशिने उद्यान आहे. मेदिची घराण्याच्या काळात येथे दुभत्या जनावरांचे शेत होते. उद्यानाच्या अगदी टोकाला, मुन्योने हा ओढा जिथे आर्नोला मिळतो तिथे, भारतीय घडणीची एक छत्री उभी आहे आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. हे करवीरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचे या शहरात निधन झाले. कोल्हापुरात या जागेला आपण सर्रास ‘समाधी’ म्हणतो, तिचे छायाचित्र अभिमानाने दाखवतो आणि परदेशात आपल्या राजाचे स्मारक आहे याचे समाधान मानतो. पण छत्री उभारली गेली १८७४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी. ऐतिहासिक मोल आहे ते तिच्याआधी त्याच जागी पेटलेल्या चितेचे. युरोपच्या भूमीवर, एका नगरपालिकेच्या संमतीने, एका भारतीयाला त्याच्या रीतीप्रमाणे निरोप देता आला, ही त्या रात्रीची कमाई आहे आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

राजाराम महाराज गादीवर आले ते दत्तकविधानाने. १८६६ च्या ऑगस्टमध्ये करवीरचे शिवाजी महाराज, म्हणजे बाबासाहेब, निपुत्रिक वारले आणि पाटणकर घराण्यातले नागोजीराव दत्तक येऊन राजाराम झाले. १८५७-५८ च्या धामधुमीत बाबासाहेबांचे बंधू चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला हद्दपार केले होते. त्या आठवणी ताज्या असल्याने नव्या राजाच्या शिक्षणावर पोलिटिकल खात्याची बारीक नजर होती. इंग्रजी उत्तम अवगत असलेला, वाचनाची आणि माणसे भेटण्याची आवड असलेला हा तरुण १८७० च्या उन्हाळ्यात कॅप्टन एडवर्ड वेस्ट या अधिकाऱ्याच्या सोबतीने विलायतेला निघाला. बरोबर स्वतःची मोजकी मंडळी होती. इंग्लंडच्या मुक्कामात ते व्हिक्टोरिया राणीला भेटले, पार्लमेंटचे कामकाज त्यांनी पाहिले आणि पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांच्याशीही त्यांची गाठभेट झाली. या प्रवासाची रोजनिशी त्यांनी इंग्रजीत लिहिली. त्यांच्या पश्चात वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. हिंदी संस्थानिकाने युरोपबद्दल स्वतःच्या नजरेने लिहिलेल्या सुरुवातीच्या नोंदींत तिची गणना करावी लागेल.

परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स आले, त्याला त्या वर्षीची युरोपातली उलथापालथ कारण झाली. जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, सप्टेंबरच्या आरंभी सेदाँ येथे फ्रेंच सम्राट शरण गेला आणि त्याच महिन्यात पॅरिसला वेढा पडला. त्यामुळे फ्रान्समधून मार्सेय बंदर गाठण्याची नेहमीची वाट बंद झाली आणि मंडळींनी बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्समधले इन्सब्रुक या मार्गाने इटलीत उतरायचे ठरवले. ब्रेनर खिंडीतली रेल्वे तीनच वर्षांपूर्वी, १८६७ मध्ये, सुरू झाली होती. हिवाळ्याच्या तोंडावर त्या थंड मुलखातून जाताना महाराजांचे आजारपण बळावले आणि फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत प्रकृती हाताबाहेर गेली. आणखी एक योगायोग पुढच्या घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. २० सप्टेंबर १८७० ला इटालियन सैन्य रोममध्ये शिरले होते, पण कारभार तिकडे हलायला १८७१ चा उन्हाळा उजाडला. त्यामुळे महाराजांनी प्राण सोडला तेव्हा इटलीचे सरकार, नगरपालिका आणि ब्रिटिश वकिलात तिन्ही एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर होती. निर्णय तासाभरात हवा होता आणि तो देऊ शकणारी माणसे जवळ होती.

त्या निर्णयाचे वजन कळायला आधीची उदाहरणे शेजारी ठेवून पाहावी लागतात. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले, त्यांना तिथल्याच एका बागेत पुरले आणि दहा वर्षांनी त्यांचे अवशेष आर्नोज व्हेल या दफनभूमीत हलवले गेले. ही व्यवस्था करण्यात पुढाकार घेणारे द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनला वारले आणि तेही केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत विसावले. दोघेही मोठे, दोघांनाही इंग्लंडात मान होता, दोघांभोवती वजनदार मित्र होते. पण मेल्यावर दोघांनाही यजमान देशाची रीत स्वीकारावी लागली. त्याहून बोलके उदाहरण महाराणी जिंदन यांचे. रणजितसिंगांची ही राणी आणि दुलीपसिंगांची आई १८६३ मध्ये लंडनला वारली. इंग्लंडात दहनाची परवानगी नव्हती. म्हणून देह केन्सल ग्रीनला ठेवला गेला, पुढे बोटीने हिंदुस्थानात आणला गेला आणि १८६४ मध्ये आपल्या नाशिकला, गोदावरीकाठी, त्यावर अग्निसंस्कार झाला. पंजाबात नेण्याची मुभा सरकारने दिली नाही. आईला अग्नी देण्यासाठी अर्धे जग ओलांडावे लागलेले दुलीपसिंग त्याच १८७० च्या उन्हाळ्यात राजाराम महाराजांना भेटले होते. म्हणजे महाराजांच्या मंडळींपुढे दोनच रुळलेल्या वाटा होत्या: फ्लॉरेन्सच्या एखाद्या दफनभूमीत जागा मागायची, नाहीतर देह पेटीत बंद करून सुएझमार्गे मुंबईला न्यायचा. सुएझचा कालवा आदल्या वर्षीच खुला झाला होता, तेव्हा दुसरी वाट अशक्य नव्हती. त्यांनी तिसरीच मागणी केली. दहन इथेच, आणि आजच.

ही मागणी ज्यांनी लावून धरली ती माणसे इतिहासात जवळपास बिननावाची आहेत. कारभारी, वैद्य, आचारी, हुजरे अशा माणसांनी मिळून हा परिवार झालेला असतो. धनी गेलेला, मुलूख परका, भाषा परकी, गावी कळवायला हाताशी फक्त तारयंत्र. अशा वेळी गांगरून जाऊन सोबतच्या इंग्रज अधिकाऱ्यावर सगळे सोपवणे सोपे होते. त्यांनी विधीचा आग्रह सोडला नाही आणि जागाही आपल्या समजुतीने निवडली. अख्ख्या फ्लॉरेन्सच्या आसपास मोकळी जागा भरपूर होती, पण चिता रचली गेली ती दोन प्रवाहांच्या संगमावर. ज्यांच्या गावाशेजारी प्रयाग चिखली आहे, ज्यांची पंचगंगा नदीच पाच प्रवाहांच्या मिळण्यातून वाहते, त्यांना परदेशातही अशीच जागा शोधावीशी वाटणे स्वाभाविक होते. मध्यरात्र उलटल्यावर, नोव्हेंबर संपून डिसेंबर लागताना, देह त्या ठिकाणी नेला गेला. चंदन, कापूर, तूप यांसह चिता पेटली आणि वारा व थंडी असूनही फ्लॉरेन्सचे लोक ती पाहायला जमले. सकाळी अस्थी गोळा झाल्या. काही रक्षा आर्नोत सोडली गेली आणि उरलेल्या अस्थी गंगेसाठी हिंदुस्थानात निघाल्या. या तपशिलात विधीची एक साधी, ठाम बांधणी दिसते. काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही, हे या माणसांना नेमके ठाऊक होते. पंचगंगा नसली तर आर्नो चालते, पण अग्नी हवाच.

फ्लॉरेन्सने हो का म्हटले, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. लंडनला जे सात वर्षांपूर्वी जमले नाही ते पोपच्या देशातल्या एका शहराने एका दिवसात कसे केले? राजधानी असल्याने निर्णय वेगाने झाला, हे एक कारण वर आले. पण वेग म्हणजे होकार नव्हे. होकारामागे त्या काळच्या इटलीतला एक वाद होता. १८६९ मध्ये याच फ्लॉरेन्समध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेने आरोग्य आणि सुधारणा यांच्या नावाने दहनाचा पुरस्कार करणारा ठराव केला होता. पादुआचे प्राध्यापक लोदोविको ब्रुनेत्ती भट्टीत मृतदेह जाळण्याचे प्रयोग करत होते. नवे इटालियन राज्य आणि पोप यांचा उभा दावा चालू होता. अंत्यविधीवर चर्चचा एकाधिकार असावा की नागरी सत्तेचा, हा त्या दाव्यातलाच एक मुद्दा होता. रोम घेतल्याला जेमतेम दहा आठवडे झाले असताना अशा राज्याच्या राजधानीत एका परधर्मीय राजाच्या चितेची परवानगी मागितली गेली. ज्या अधिकाऱ्यांच्या मनात दहन ही कल्पना आधीच घर करून होती, त्यांना नकार देण्याचे कारण लंडनच्या मानाने खूपच कमी उरले होते.

याच्या मुळाशी आणखी जुनी गोष्ट आहे आणि फ्लॉरेन्सला एका दिवसासाठी जाणाऱ्यालाही ती डोळ्यांनी पाहता येते. हे शहर रोमनांनी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वसवले. वरच्या टेकडीवरचे फिएझोले त्याहून जुने, एट्रुस्कनांचे. या सगळ्या प्रदेशात लोहयुगाच्या आरंभी मृतांचे दहन करून रक्षा मातीच्या कुंभात भरत आणि कुंभावर वाडगा किंवा शिरस्त्राण झाकण म्हणून ठेवत. तोस्कानातल्या किउझी गावी सापडलेल्या रक्षाकुंभांची झाकणे तर माणसाच्या मस्तकाच्या आकाराची आहेत. कुंभाच्या कानांना हातांचा आकार दिलेला असतो आणि काही कुंभ खुर्चीवर बसवलेले असतात, जणू गेलेले माणूस घरात बैठकीला आहे. एट्रुस्कन वस्तूंसाठी नावाजलेले फ्लॉरेन्सचे पुरातत्त्व संग्रहालय राजे व्हिक्टर इमॅन्युएल यांच्या उपस्थितीत उघडले ते वर्षही १८७० च. रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात आणि साम्राज्याच्या पहिल्या शतकात दहन हीच उच्चभ्रूंची रीत होती. सम्राट ऑगस्टसचीही चिताच पेटली. दुसऱ्या शतकापासून दफन वाढले, पुढे ख्रिस्ती धर्माने ते पक्के केले, आणि आठव्या शतकात शार्लमेनने सॅक्सन लोकांना दहनासाठी देहदंड सांगितला. तेव्हा १ डिसेंबरच्या रात्री आर्नोकाठी जमलेल्या लोकांना जे अजब वाटले असेल, ते त्यांच्याच पूर्वजांनी त्याच खोऱ्यात शतकानुशतके केलेले होते. कोल्हापूरच्या मंडळींनी नकळत त्या मातीला तिची विसरलेली रीत दाखवली.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की दहनाची चळवळ इटलीत आधीच उभी होती, मग या चितेने वेगळे काय केले? शिवाय तोस्कानाच्या परिसरात आधीही आधुनिक काळात दहन झाले होते. कवी शेली १८२२ मध्ये समुद्रात बुडाला, तेव्हा त्याचे प्रेत व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर जाळण्यात आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण शेलीचे दहन साथीच्या रोगांच्या नियमांमुळे झाले. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले प्रेत धोक्याचे मानले जाई, म्हणून अग्नी. त्यात मृताच्या धर्माचा किंवा इच्छेचा प्रश्न नव्हता. आणि चळवळीचे म्हणाल, तर १८७० पर्यंत ती ठरावांत, प्रयोगशाळेत आणि पुस्तकांत होती. मिलानची दहनभट्टी सुरू झाली १८७६ मध्ये, इंग्लंडची दहन संस्था स्थापन झाली १८७४ मध्ये आणि वोकिंगला इंग्लंडातले पहिले अधिकृत दहन झाले १८८५ मध्ये. इटलीच्या आरोग्यविषयक कायद्यात दहनाला रीतसर जागा मिळाली ती १८८८ मध्ये, कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये घातलेली बंदी अंगावर घेऊन. ती बंदी चर्चने १९६३ मध्ये उठवली. हे सगळे फ्लॉरेन्सच्या एका चितेमुळे घडले, असा दावा मी करणार नाही. त्याला पुरावा नाही. दावा इतकाच आहे की सुधारक मंडळी जे कागदावर मांडत होती, ते भरवस्तीच्या शहरात, सर्वांसमक्ष आणि अधिकृत संमतीने करता येते हे या रात्रीने दाखवले. पुढच्या काही वर्षांत दहनाच्या बाजूने लिहिणाऱ्या युरोपीय लेखकांनी या घटनेचा दाखला घेतला, तो याचसाठी.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. परवानगी मिळाली ती राजाला. एखादा हिंदी खलाशी किंवा स्वयंपाकी त्याच दिवशी त्याच शहरात वारला असता, तर त्याच्यासाठी वकिलातीची दारे कोणी ठोठावली असती? हे मान्य करायला हवे की बहुधा कोणी नाही. पण मग राममोहन, द्वारकानाथ आणि जिंदन यांच्याकडे पुन्हा पाहावे लागते. मान आणि पैसा त्यांच्याकडेही होता. नुसत्या प्रतिष्ठेने दार उघडत नव्हते, हे त्या तीन उदाहरणांनी सिद्ध होते. शिवाय सवलत आणि हक्क यांच्यातले अंतर एका फटक्यात कापले जात नाही. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना १९१४-१५ मध्ये पॅचमच्या माळावर उघड्यावर अग्नी दिला गेला. ते साधे शिपाई होते, राजे नव्हते. त्यांच्यासाठी तिथे उभारलेल्या छत्रीचे अनावरण १९२१ मध्ये झाले. आणि उघड्या चितेचा प्रश्न ब्रिटनमध्ये २०१० मध्येही न्यायालयात होता, तिथल्या एका हिंदू नागरिकाने दाद मागितली म्हणून. म्हणजे फ्लॉरेन्सला जे एका रात्रीसाठी मिळाले, त्याची सर्वांसाठीची लढाई सव्वाशे वर्षांहून अधिक चालली. राजाला मिळाले म्हणून ते क्षुल्लक ठरत नाही. फार तर अपुरे ठरते.

तिसरा आक्षेप स्मारकाविषयी आहे. छत्रीचा आराखडा केला मेजर चार्ल्स मँट या ब्रिटिश अभियंत्याने, पुतळा घडवला चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने. ज्या मँट यांनी कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा उभारला, तेच हे. त्यामुळे कोणी म्हणेल की ही सारी ब्रिटिश साम्राज्याने आपल्या एका निष्ठावान संस्थानिकासाठी केलेली सजावट आहे. छत्रीपुरते हे बरेचसे खरे आहे. इंग्रजांना हिंदी वास्तुकला जशी दिसावीशी वाटत होती तशी ती आहे, आणि चार भाषांतला तिच्यावरचा मजकूर राज्यकर्त्यांच्या सोयीचा आहे. नेमक्या याच कारणाने चिता आणि छत्री यांची गल्लत करू नये असे मला वाटते. छत्रीत साम्राज्य बोलते. चितेत महाराजांची माणसे बोलतात. साम्राज्याला छत्री हवी होती, कारण ती दिसते आणि टिकते. माणसांना अग्नी हवा होता, कारण त्याशिवाय त्यांचे कर्तव्य पुरे होत नव्हते. आपण नुसते छत्रीपाशी थांबलो तर साम्राज्याची गोष्ट पुन्हा सांगतो आणि आपल्या माणसांची विसरतो.

ही गोष्ट कोल्हापूरने विशेष जपावी, याला आणखी एक कारण आहे. फ्लॉरेन्सच्या घटनेला तीस वर्षे पुरी होण्याआधी, १८९९ मध्ये, पंचगंगेच्या घाटावर वेदोक्ताचे प्रकरण उभे राहिले. छत्रपतींच्या घरी मंत्र वेदोक्त म्हणायचे की पुराणोक्त, हा वाद शाहू महाराजांना कित्येक वर्षे लढावा लागला, राजोपाध्यांची इनामे काढून घेण्यापर्यंत मजल गेली आणि त्यातून सत्यशोधकी विचाराला संस्थानात बळ मिळाले. दोन घटनांत कार्यकारणाचा धागा जोडण्याची गरज नाही. पण त्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्या घराण्याच्या राजाला परक्या ख्रिस्ती शहराने त्याचा विधी करू दिला, त्याच घराण्याला स्वतःच्या नदीवर, स्वतःच्या पुरोहितांकडून आपल्या विधीचा दर्जा झगडून मिळवावा लागला. विधीचा अधिकार धर्मग्रंथ देत नाहीत, तो कोण कोणाला माणूस म्हणून मोजतो यावर ठरतो. फ्लॉरेन्सने ही कसोटी पार केली, कोल्हापूरच्या घाटाला वेळ लागला.

आज राजाराम महाराजांचे नाव कोल्हापुरात १८८० पासूनच्या राजाराम कॉलेजात आहे, आणि फ्लॉरेन्समध्ये ‘भारतीयाचा पूल’ या अर्थाच्या नावाने आर्नोवर १९७० च्या दशकात बांधलेल्या केबलच्या पुलात आहे. दोन्ही शहरांनी आठवण ठेवली, हे चांगलेच. पण आठवण पाळायची तर तिच्यातला धडाही घ्यायला हवा. कोल्हापूर महानगरपालिका पंचगंगा स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्कार करते, होळीला शेकडो लोक तिथे शेणी दान करतात, आणि गरीब-श्रीमंत सर्वांना सारखाच अग्नी मिळतो. या शहराच्या ज्या थोड्या गोष्टींचा निर्मळ अभिमान धरावा, त्यांतली ही एक आहे. पुढचा प्रश्न परक्यांचा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींत आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कामगार राबतात. त्यांच्यापैकी कोणी इथे दगावला, तर त्याचे दहन असो की दफन, त्याच्या माणसांना हवे तसे, हव्या त्या वेळी, कोणाची मिनतवारी न करता व्हावे, ही आपली जबाबदारी आहे. १८७० मध्ये कोल्हापूरच्या मूठभर माणसांनी परक्या शहराकडे हेच मागितले होते आणि त्यांना ते मिळाले. ते ऋण फ्लॉरेन्सला परत करता येणार नाही. ते फेडायचे तर आपल्या दारी आलेल्या परक्यालाच फेडावे लागेल.